नालबंद आणि शालिहोत्री : जुन्नर-आंबेगाव परिसर व घोड्याच्या लंगडण्याचा प्रश्न

घोडा लंगडतो, परंतु पायावर जखम नाही, सूज नाही, सांधाही निखळलेला दिसत नाही. अशा वेळी दोष कोठे शोधावा, हा प्रश्न अश्वपालनाइतकाच जुना आहे. ‘घोडे कुठे पेंड खाते’ हा मराठीतील वाक्प्रचार अडचणीचे नेमके स्थळ विचारतो. येथे तर तो अक्षरशः लागू पडतो. या प्रश्नाला दोन परंपरांनी दोन उत्तरे दिली, आणि ती दोन्ही शब्दांत टिकून राहिली आहेत.

या विचाराला जुन्नर-आंबेगावचा परिसर सोयीचा आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन प्राकृत लेखात अश्वमेधाचा निर्देश आहे, आणि त्याच घाटाने जुन्नरची पेठ कोकणातील बंदरांशी जोडलेली होती. इ. स. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर रात्री छापा घातला, तेव्हा तीन लक्ष होनांबरोबर दोनशे घोडेही हाती आले. आंबेगाव तालुक्यातील घोड नदी व घोडेगाव ही नावेही या मालिकेत बसविण्याचा मोह होतो. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा इतिहासाचा पुरावा नव्हे, म्हणून तो आवरलेला बरा.

कृष्णाजी अनंत सभासदाने दिलेली पागेची रचना मात्र भक्कम आधार पुरविते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्यासाठी एक पखालजी व एक नालबंद, असे प्रमाण ठरलेले होते. पाण्याच्या बरोबरीने नालेची व्यवस्था व्हावी, यातच खुराचे महत्त्व स्पष्ट होते. बारगिराचा घोडा सरकारी असे; शिलेदाराचा स्वतःचा. घोडा निकामी झाला तर शिलेदाराची उपजीविकाच धोक्यात येई. मोहिमेपूर्वी शिलेदारास मिळणाऱ्या आगाऊ रकमेस ‘नालबंदी’ हे नाव पडले. अरबी ‘नाल’ व फारसी ‘बंद’ यांपासून झालेला हा खुराचा शब्द अशा रीतीने लष्करी अर्थकारणाचा शब्द बनला.

दुसरी परंपरा शालिहोत्राची. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ व नकुलाच्या नावावरील ‘अश्वचिकित्सित’ हे तिचे प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ. शालिहोत्र या नावावरूनच हिंदुस्थानी ‘सलोतरी’ हा शब्द आला, व ब्रिटिश अमदानीत रिसाल्यांतील देशी अश्वचिकित्सकांस तो रूढ झाला. या शास्त्राने रोगाचा विचार दोषांच्या भाषेत केला. वातविकार, रक्तमोक्षण, शेक, लेप व डाग ही त्याची परिचित परिभाषा होय. संपूर्ण प्राण्याकडे पाहण्याची शिस्त हे त्याचे सामर्थ्य. परंतु वेदनेचे स्थान निश्चित होण्यापूर्वी उपचार आरंभिला, तर खांद्याला डाग बसे आणि दुखणे मात्र खुरात राही.

आधुनिक पशुवैद्यकाने हा वाद पुष्कळसा मिटविला आहे. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांपैकी बहुतेकांचे दुखणे खुरातच आढळते. कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालविले असता, दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो व निरोगी पाय टेकताना ती खाली झुकते. मागच्या पायाच्या बाबतीत कंबरेच्या हालचालीकडे पाहावे लागते. नंतर खुराची ऊब व त्यावरील नाडीचे ठोके तपासणे, नाल काढणे, चिमट्याने तळ दाबणे, आणि तरीही उलगडा न झाल्यास खालून वर एकेक मज्जातंतू बधिर करून पाहणे, असा क्रम आहे. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, तेथे दोषाचे स्थान सापडते. क्षकिरणांचा उपयोग त्यानंतरचा.

बाह्यतः अकारण वाटणाऱ्या तीव्र लंगडण्यामागे अनेकदा खुरात कोंडलेला पू असतो. खूर तासून त्यास वाट दिली, तळ स्वच्छ बांधून ठेवला व धनुर्वातापासून संरक्षण दिले, की प्राणी थोड्याच काळात पाय टेकू लागतो. कधी दोष नालबंदाचाच असतो : खिळा जिवाळीजवळ गेलेला असतो. म्हणजे नालबंदाने शोधाची जागा बरोबर दाखविली, तरी स्वतःचे काम तपासून पाहण्याची दृष्टी त्यास बाहेरूनच मिळाली पाहिजे.

हा प्रश्न केवळ बखरीतला नाही. जुन्नर, आंबेगाव व खेड या भागांतील बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे घोडी धावते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या अखेरीस त्यांना सशर्त अनुमती मिळाली व १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा ग्राह्य ठरला. शर्यतींबरोबर घोडीही घाटात परतली. घाटात उतरण्यापूर्वी तिचा पाय उचलून खूर पाहिला जातो की नाही, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून आहे. ‘अकारण लंगडणे’ हे बहुधा रोगाचे नाव नसते. अपुऱ्या तपासणीचे असते.