परळहून चीनला

पदवीची परीक्षा उतरलेल्या डॉक्टरापुढें बहुधा दोन वाटा असतात. एक वरच्या परीक्षेची, दुसरी आपल्या गांवीं दवाखान्याची पाटी लावण्याची. परळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेला एक तरुण १९३८ सालीं यांपैकीं पहिल्या वाटेनें चालूंहि लागला होता. त्याच वेळीं त्यानें परदेशीं सेवेला जाण्यासाठीं अर्ज केला. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हें नांव आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या अर्जामागें कोणता काळ उभा होता, आणि अर्जदाराची खरी कसोटी कोठें लागली, याचा विचार क्वचितच होतो. तो आज करावयाचा आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत घेतलें. या कॉलेजची जन्मकथा ध्यानांत घेण्यासारखी आहे. येथील अध्यापक सरकारी नोकरींत नसलेले, स्वतंत्र वृत्तीचे हिंदी गृहस्थच असावेत, अशी अट देणगीदारांनीं घातली होती. वैद्यकीय खात्यांतील वरच्या जागा गोऱ्यांकडे असण्याच्या काळांत ही अट साधी नव्हती. कॉलेजला जोडलेलें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं उघडलें. सभोंवार परळ-लालबागच्या गिरण्या आणि चाळी. तेथील गरीब रोग्यांच्या खाटांशीं उभें राहूनच येथील विद्यार्थी शिकत.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर मोठी चढाई केली. शहरांवर बॉम्ब पडूं लागले. डॉक्टर आणि औषधें दोहोंची टंचाई झाली. आठव्या मार्ग-सेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून साहाय्य मागितलें. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनीं देशाला आवाहन केलें आणि २२,००० रुपयांचा निधि जमला. ज्या देशाला स्वतःचें सैन्य पाठविण्याचा अधिकार नव्हता, त्यानें शेजाऱ्याकडे डॉक्टर पाठविण्याचें ठरविलें.

पथक पांच जणांचें होतें. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धांत सेवा करून आलेले. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पांचवे कोटणीस. मुखर्जींच्या जागीं आधीं दुसऱ्याच डॉक्टरांची निवड झाली होती; सरकारनें त्यांना पासपोर्ट नाकारला. परदेशीं सेवेला जाण्यास नुसती इच्छा पुरत नाहीं, हें त्याहि काळीं खरें होतें.

कोटणीसांच्या घरीं चीन देशाची ओळख ती केवढी? दारावर रेशीम विकावयास येणारे चिनी फेरीवाले, एवढीच. अशा घरानें मुलाला लढाईवर जाऊं द्यावें, हा त्या घराचाहि त्यागच होता. १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या बंदरांतून ‘राजपुताना’ बोट निघाली.

निघतांना उत्साह असतो, हार-तुरे असतात. कसोटी पुढें असते. कोटणीस चीनमध्यें असतांनाच वडील निवर्तल्याची वार्ता आली. सहकाऱ्यांनीं परत जाण्याचा सल्ला दिला. दिलेला शब्द पुरा केल्यावांचून फिरावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. हा निर्णय सोपा नव्हता, आणि त्याची किंमत एकट्या त्यांनाच द्यावी लागली असें नाहीं. सोलापूरच्या घरानेंहि ती दिली. १९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनानला पोंचलें. पुढें अटल, चोळकर व मुखर्जी एकेक करून परतले. त्यांना कोणीं दोष देऊं नये. त्यांनीं आपलें काम केलेंच होतें. बसू येनानला राहिले. कोटणीस मात्र आघाडीच्या डोंगराळ मुलुखांत गेले.

तेथें त्यांनीं चिनी भाषा इतकी आत्मसात केली कीं, ते तींत विद्यार्थ्यांना शिकवूं लागले. कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरांत रक्तदोषानें वारले होते. त्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ सालीं कोटणीसांकडे आलें. त्याच वर्षीं परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत मुलगा झाला. त्याचें नांव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस गेले. यिनह्वाहि वैद्यक शिकत असतांनाच १९६७ सालीं वारला.

१९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. त्यांचें राजकमल कलामंदिरहि परळांतच. ज्या वस्तींत हा तरुण रोग्यांची नाडी पाहण्यास शिकला, तेथेंच त्याचें चरित्र पडद्यावर आलें.

आजहि पदवी हातीं घेऊन परदेशीं सेवेचा अर्ज करणारे तरुण-तरुणी आहेत. अर्जांत आपली योग्यता लिहावी लागते, मुदतहि लिहावी लागते. कोटणीसांच्या अर्जांतील योग्यता म्हणजे परळांत मिळविलेली विद्या. मुदत मात्र ठरल्यापेक्षां वाढत गेली. मुंबईचा धक्का सुटल्यापासून ती चार वर्षें आणि तीन महिने झाली.