खेळपट्टी कोणी तयार केली?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने क्रिकेटवर का बोलावं, असं आम्हाला विचारलं जातं. आमचं म्हणणं, प्रश्न क्रिकेटचा नाहीच, प्रमाणाचा आहे. घडलेलं आपल्याला कळतं कशावरून?

शोधमोहिमांचा इतिहास आणि खेळांचा इतिहास ही सख्खी भावंडं. दोन्हीकडे आकडे भरपूर, माणसं कमी. नैनसिंह रावत 1865-66 मध्ये वेषांतर करून ल्हासापर्यंत चालत गेला. शंभर मण्यांच्या माळेवर त्याने पावलं मोजली. नकाशात अंतरं आली, पण अहवालात तो बराच काळ नुसता 'पंडित' होता. गुप्तता हवी होती हे खरं. पण जिथे गुप्ततेचं काही कारणच नव्हतं, त्या मैदानावर काय झालं?

पालवणकर बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्लबवर महिना तीन रुपयांवर कामाला लागला. मग गोऱ्यांच्या जिमखान्यावर चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजीची संधी मात्र त्याला तिथे कोणी देईना. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं! मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहापानाला मात्र इतरांना चिनी मातीचे कप आणि बाळूला बाहेर मातीचं भांडं, वापरून फेकून द्यायचं.

1911 मध्ये हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूने 114 बळी घेतले. धावफलक हे सांगतो, चहाचं सांगत नाही. आता गंमत बघा. आपल्या मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचं प्रमाण मानलं आहे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट अशी की घडा असता तर दिसला असता, अशीच ती जागा हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. धावफलक ही चहाच्या बाबतीत अंधारी खोली आहे. 'आमच्या क्रिकेटमध्ये जात नव्हती हो' असं जे म्हणतात, ते या खोलीत उभे राहून बोलत असतात.

दिवा कुठून आला? बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल हेही मोठे खेळाडू. त्यांनी 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, चक्क मराठीत. रामचंद्र गुहांनी ते वाचलं, वापरलं, आणि 2002 मध्ये त्यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' आलं. तेव्हा कुठे आमच्यासारख्या अनेकांना हे बंधू नीट कळले, म्हणजे मराठी माणसाची कथा मराठी वाचकाकडे इंग्रजीतून वळसा घेऊन आली. गुहांचं आम्हाला आवडतं ते हे, की गोलंदाजीचं कौतुक करताना ते राजकारण विसरत नाहीत आणि राजकारणात चेंडूची फिरकी हरवू देत नाहीत.

1920 मध्ये बाळूंना हिंदू संघातून वगळलं, विठ्ठलांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिलं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी मग अंग काढून घेतलं आणि जाहीर पत्रक काढलं. त्या काळात हे सोपं नव्हतं. 1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. बाळूंचं सांगायचं तर 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले, हरले. आम्ही पुणे करार वर्गात शिकलो, पण सही करणाऱ्यांत एक गोलंदाज होता हे कुणी सांगितलं नाही.

आता आपल्या सोलापूरचं. पॉली उम्रीगर 1926 मध्ये इथे जन्मले, हे आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. सांगावंच. पण पार्क मैदानावर पूर्वी रोलर कोण फिरवायचं? गिरणीतल्या संघांसाठी नेट कोण बांधायचं? कुणाच्या आजोबांचं जुनं स्कोअरबुक, फोटो, हिशेबाची वही माळ्यावर पडली असेल तर रद्दीत घालण्याआधी आम्हाला दाखवा. हिशेबाची वही विशेष करून. मजुरी घेणाऱ्याचं नाव असलंच तर तिच्यात असतं.