जुन्या डिझेल गाड्या आणि बिनपगारी हात : ब्रिटनच्या वारसा रेल्वेची ओळख

ब्रिटनमध्ये सरकारी रेल्वेनं बंद केलेले बरेच छोटे मार्ग आज हौशी मंडळी चालवतात. या मार्गांना तिथं हेरिटेज रेल्वे, म्हणजे वारसा रेल्वे म्हणतात. तिकीट विकणारा, फाटक लावणारा, गार्ड, ड्रायव्हर आणि शेडमध्ये गाडीखाली झोपून नट आवळणारा यांच्यातले बहुतेक जण पगाराशिवाय काम करतात. देशभरातल्या अशा स्वयंसेवकांची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे.

वारसा रेल्वे म्हटलं की वाफेचं इंजिन डोळ्यांसमोर येतं. पण याच मार्गांवर १९५० आणि ६० च्या दशकातल्या डिझेल गाड्याही जिवंत ठेवल्या गेल्यात. त्यांची कहाणी कमी सांगितली जाते. आपल्याकडे डिझेल इंजिनं झपाट्यानं बाजूला पडत असताना ती माहीत असणं उपयोगाचं आहे.

पहिली गाडी डिझेलचीच

स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची सुरुवात वेल्समध्ये झाली. १९५१ साली टॅलिलिन या अरुंद रुळांच्या रेल्वेवर टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवून दाखवली. नेहमीच्या रुंदीच्या रुळांवर हा मान लीड्स शहरातल्या मिडलटन रेल्वेला जातो. ही कोळशाच्या खाणीची जुनी रेल्वे. तिच्यासाठी ब्रिटिश संसदेनं १७५८ साली कायदा केला होता. लीड्स विद्यापीठातले अध्यापक फ्रेड यूएल आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला आणि जून १९६० मध्ये या रुळांवर प्रवासी गाडी धावली.

त्या गाडीला वाफेचं इंजिन नव्हतंच. १९३२ साली हन्स्लेट कंपनीनं बांधलेलं 'जॉन आल्कॉक' नावाचं छोटं डिझेल इंजिन पुढं होतं. मागं स्वानसीच्या बंद पडलेल्या मम्बल्स रेल्वेचा दुमजली ट्रामचा डबा. पुढं वीसेक वर्षं या स्वयंसेवकांनी आसपासच्या कारखान्यांचा मालसुद्धा वाहून नेला.

तरीही नंतरची बरीच वर्षं वारसा रेल्वेत डिझेलला मान नव्हता. त्याला कारणही होतं. १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं आधुनिकीकरणाची योजना आणली आणि वाफेच्या जागी डिझेल व वीज आणायचं ठरवलं. ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. ज्यांनी लाडकी इंजिनं भंगारात जाताना बघितली, त्यांच्या लेखी डिझेल म्हणजे गुन्हेगार. ते कशाला वाचवायचं, असा सवाल व्हायचा. पण लहानपणी डिझेलचाच आवाज ऐकत वाढलेली पिढी मोठी झाली आणि तिनं आपल्या गाड्या वाचवायला घेतल्या.

दोन प्रकारच्या गाड्या

या जतनात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे डीएमयू. आपल्याकडे डेमू म्हणतात, त्याच कुळातल्या या गाड्या. वेगळं इंजिन नाही, यंत्र डब्याच्याच फरशीखाली. १९५४ पासून पुढच्या दहाएक वर्षांत ब्रिटनमध्ये असे काही हजार डबे बांधले गेले. एकेका मोटार डब्याखाली साधारण दीडशे अश्वशक्तीची दोन आडवी इंजिनं असतात. ती लेलँड किंवा एईसी या बस-ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांच्या घराण्यातली. आपल्या अशोक लेलँडच्या नावातलं लेलँड ते हेच.

या गाडीचा ड्रायव्हर बसच्या ड्रायव्हरसारखा हातानं गियर बदलतो. चार गियर. वाढवलेला जोर आधी बंद करायचा, दांडा पुढच्या गियरवर न्यायचा, इंजिनाचा वेग उतरेपर्यंत दम धरायचा आणि मग पुन्हा जोर द्यायचा. घाई केली तर गाडी हिसका मारते आणि गियरबॉक्सचं आयुष्य कमी होतं. गाडीला दोन मोटार डबे असतील तर चार इंजिनं एकाच वेळी या हुकमावर चालतात. त्यातलं एखादं बंद पडलं तर ड्रायव्हरसमोरचा त्याचा दिवा विझतो. गार्ड आणि ड्रायव्हरचं बोलणं घंटीवर चालतं. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. एसटीच्या कंडक्टरची डबल बेल ज्यांनी ऐकलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरच्या मागं काचा असल्यानं प्रवाशाला पुढचा रूळ दिसतो. पोरंटोरं ती जागा सोडत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे मोठी इंजिनं. त्यात सर्वात नावाजलेलं 'डेल्टिक'. १९६१-६२ मध्ये अशी २२ इंजिनं इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं बांधली आणि लंडन-एडिनबरा मार्गावर ती ताशी १०० मैलांनी, म्हणजे १६० किलोमीटरनं धावली. प्रत्येकात नेपियर कंपनीची दोन यंत्रं, मिळून ३,३०० अश्वशक्ती. हे यंत्र मुळात नौदलाच्या वेगवान गस्ती बोटींसाठी तयार झालं होतं. त्रिकोणाच्या तीन बाजूंना सिलिंडर आणि तिन्ही कोपऱ्यांवर एकेक क्रँकशाफ्ट. अठरा सिलिंडर, त्यात छत्तीस पिस्टन. समोरासमोरचे दोन पिस्टन एकाच सिलिंडरमध्ये जवळ येतात आणि लांब जातात.

वाचवणं वाफेपेक्षा अवघड

वाफेचं इंजिन जुनं, म्हणून ते सांभाळणं कठीण, असा सर्वसाधारण समज. कामगारांचा अनुभव बऱ्याचदा उलटा असतो. वाफेच्या इंजिनाचा एखादा भाग गेला तर चांगला लोहार, ओतारी आणि लेथवाला मिळून तो नव्यानं करू शकतात. डिझेलचा इंधन पंप, इंजेक्टर, टर्बोचार्जर, विजेची मोटार हे भाग कारखान्यातच बनलेले असतात. मापात केसाएवढा फरक पडला तरी चालत नाही. त्यात बनवणारी कंपनीच शिल्लक नसते.

डेल्टिकचं उदाहरण घ्या. ब्रिटिश रेल्वेत याचं यंत्र बिघडलं की डब्यासारखं उचलून बाहेर काढायचे, जागी दुसरं बसवायचे आणि बिघडलेलं डॉनकास्टरच्या कारखान्यात पाठवायचे. २ जानेवारी १९८२ ला या इंजिनांची शेवटची गाडी धावली, त्यानंतर ही साखळीच तुटली. ती तुटणार हे ओळखून १९७७ मध्येच 'डेल्टिक प्रिझर्व्हेशन सोसायटी' स्थापन झाली होती. सभासदांनी पैसे जमवून 'अॅलिसिडॉन' आणि 'रॉयल हायलँड फ्युजिलियर' ही दोन इंजिनं घेतली, नंतर 'टुल्यार' हे तिसरं. त्यांचं ठाणं आज चेस्टरफिल्डजवळच्या बॅरो हिल इथं आहे. २२ पैकी सहा डेल्टिक वाचली, शिवाय १९५५ चा मूळ नमुनाही. नौदलाच्या बोटींतून निघालेली यंत्रंही रेल्वेप्रेमींनी मिळवून इंजिनांत बसवली.

डीएमयूची दुखणी वेगळी. पहिलं म्हणजे पाणी. खिडक्यांच्या आणि छपराच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत असतो, आत चाळण झालेली असते. दुसरं अॅस्बेस्टॉस. त्या काळी आवाज आणि उष्णता अडवायला ते डब्यांच्या भिंतींत भरायचे. फुप्फुसाला घातक असल्यानं ते काढल्याशिवाय डबा वापरता येत नाही आणि ते काम परवानाधारक कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. तिसरं, सुटे भाग. बऱ्याच ठिकाणी एखादा डबा चालवण्यासाठी घेतच नाहीत. त्याचे भाग काढून दुसरे तीन डबे चालते ठेवतात.

हौस आहे, पण नियम पक्के

स्वयंसेवक म्हणजे रविवारी आला आणि गाडी चालवली, असं नसतं. रेल्वे सुरक्षेवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय वारसा मार्गांवरही लक्ष ठेवतं. वेगाची मर्यादा साधारणपणे ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. डीएमयूच्या चौथ्या गियरची त्यामुळं गरजच पडत नाही.

नवीन माणूस आधी झाडलोट, धुणं-पुसणं आणि तेलपाणी करतो. मग शंटिंग, गार्ड किंवा ड्रायव्हरच्या मदतनिसाचं काम. नियमांच्या पुस्तकाची परीक्षा, नजर आणि रंगांची तपासणी, डॉक्टरी दाखला. मार्गावरचा प्रत्येक चढ, सिग्नल आणि फाटक तोंडपाठ पाहिजे. एका प्रकारची गाडी चालवता आली म्हणून दुसरीला हात लावता येत नाही, तिचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. ड्रायव्हरच्या खुर्चीत बसायला कित्येक वर्षं जातात. बँकेत काम करणारा, शाळेत शिकवणारा, निवृत्त पोस्टमन असे लोक सुट्टीच्या दिवशी या रांगेत उभे असतात.

गाडी चालवणं हा कामाचा छोटा भाग. हिवाळ्यात गाड्या कमी असतात, तेव्हा शेडमधलं खरं काम चालतं. यंत्रातलं पाणी गोठून ठोकळा तडकू नये म्हणून ते काढायचं किंवा त्यात गोठणरोधक घालायचं. बॅटऱ्या चार्ज ठेवायच्या. ब्रेकच्या नळ्या बदलायच्या. मोठं इंजिन बरेच दिवस उभं असेल तर सुरू करण्याआधी पंपानं तेलाचा दाब तयार करायचा. नाहीतर कोरडे भाग एकमेकांवर घासतात आणि लाखांचं नुकसान मिनिटात होतं.

हिशोब काय सांगतो

बहुतेक प्रवासी वाफेच्या गाडीसाठी येतात, हे डिझेलवालेही मान्य करतात. पण वाफेचं इंजिन तापायला कित्येक तास लागतात. पहाटे कुणीतरी येऊन भट्टी पेटवावी लागते आणि ड्रायव्हरबरोबर फायरमनही लागतो. दोन डब्यांची डीएमयू एक ड्रायव्हर आणि एक गार्ड घेऊन थोड्या वेळात निघते. त्यामुळं कमी गर्दीच्या दिवशीही मार्ग उघडा ठेवणं परवडतं. यॉर्कशरच्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेनं १९६८ साली मार्ग पुन्हा सुरू केला, तेव्हापासून तिच्याकडे जर्मन बांधणीच्या छोट्या डिझेल रेलबस आहेत.

अलीकडं आणखी दोन कारणं जोडली गेली. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणी बंद होत गेल्यानं कोळसा परदेशातून आणावा लागतो आणि २०२२ मध्ये त्याचे दर भडकले. शिवाय कडक उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळांकडेचं गवत पेटतं. अशा दिवसांत नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेसारख्या मार्गांना वाफेची इंजिनं थांबवून डिझेल जोडावं लागलंय. ज्याला एकेकाळी गुन्हेगार म्हटलं, तेच अडीअडचणीला धावून येतं.

या रेल्वेच्या ताळेबंदात तिकिटं, देणग्या, सभासदांची वर्गणी, चहाच्या दुकानाची कमाई दिसते. सर्वात मोठी रक्कम मात्र कुठंच दिसत नाही, ती म्हणजे न दिलेला पगार. हे तास बाजारभावानं मोजले तर बहुतेक मार्ग पहिल्याच वर्षी बंद पडतील.

आणि धोका तिथंच आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला रेल्वेचा फिटर आज सत्तरीच्या घरात आहे. कुठला आवाज म्हणजे कुठलं बेअरिंग, हे त्याच्या कानाला कळतं. छापील माहितीपुस्तकात ते सगळं सापडत नाही. म्हणून बऱ्याच संस्था आता प्रत्येक दुरुस्तीची नोंद आणि फोटो ठेवतात, वयस्कर कारागिराबरोबर एक तरुण जोडून देतात. सुटा भाग नव्यानं बनवता येईल, पण शिकवणारा गेला तर तो बसवायचा कसा हेच कळणार नाही.

आपल्याकडे काय

भारतात रेल्वे चालवणं सरकारच्या हाती असल्यानं स्वयंसेवकांनी गाडी चालवण्याची पद्धत रुजली नाही. जुन्या गाड्या चालू राहिल्या त्या खात्याच्या निर्णयानं. नेरळ-माथेरानच्या घाटात १९५० च्या दशकात जर्मनीहून आलेली छोटी डिझेल इंजिनं अनेक दशकं राबली. इंदूरजवळ पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा तुकडा डिसेंबर २०१८ मध्ये वारसा गाडी म्हणून सुरू झाला, तोही डिझेलवरच. ग्वाल्हेर-श्योपूरची नॅरोगेज मात्र बंद झाली. मिरज-लोंढा आणि लोंढा-वास्को हे मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले, तेव्हा मीटरगेजची इंजिनं या भागातून गेली. आता ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाल्यानं मोठ्या डिझेल इंजिनांचीही तीच पाळी आलीय.

स्टेशनसमोर चबुतऱ्यावर रंग देऊन एखादं इंजिन उभं करणं सोपं आहे, आणि तेवढं होतंही. पण त्याच्या आतलं यंत्र कसं सुरू करायचं, हे ठाऊक असलेली माणसं मिरज, हुबळी, पुणे, वडोदरा, इंदूर इथं निवृत्त होऊन घरी बसलीत. ब्रिटनच्या मंडळींनी इंजिन विकत घेण्याआधी अशा माणसांची दारं ठोठावली होती. आपल्याकडं त्याला परवाना लागत नाही, वही आणि फोनचा रेकॉर्डर पुरतो.