ब्रेक ऑइलचं एरंडी कूळ

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात कुठल्याही गॅरेजात जा, ब्रेकमध्ये जे घालतात त्याला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात. डब्यावर 'ब्रेक फ्लुइड' छापलेलं असतं आणि हल्लीच्या नेहमीच्या डब्यात तेलाचा थेंबही नसतो. बरीच वर्षं मी हे नाव चुकीचं धरून समोरच्याला दुरुस्त करत असे. त्याचं कूळ कळलं तेव्हा ते थांबवलं.

नारायणगावला मामांच्या अंगणात हे पुन्हा आठवलं. द्राक्षाचे दोन हंगाम चांगले गेल्यावर मामांनी एक जुनी जर्मन गाडी घेतली, आणि तिचं ब्रेक ऑइल घरीच बदलायचं ठरवलं. मामा तरण्या वयात भाजीचा टेम्पो घेऊन माळशेज घाटातून कल्याणला जात. ब्रेकवर त्यांचा हात बसलेला आहे. गाडी घोड्यांवर चढवली, खाली राहिलेल्या चाकांना दगड लावले, मोठ्या सिरिंजने वरच्या डबीतलं जुनं ऑइल ओढून घेतलं. ते कोऱ्या चहासारखं झालं होतं. सीलबंद डबा फोडून नवं ओतलं, ते वाळल्या गवताच्या काडीसारखं फिकट. मग मामा सगळ्यांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापाशी बसले आणि मी पेडलवर.

"दाब. दाब. अजून एकदा. आता धरून ठेव."

"धरलं, मामा."

"मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही हं."

पाना जरासा फिरला आणि माझ्या पायाखालचं पेडल तळाला गेलं. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीतून काळपट ऑइल बाटलीत उतरलं, त्यात मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे. "आवळलं. सोड." असं चारही चाकांना, नळीतून फिकट धार येईपर्यंत. मधेमधे वरच्या डबीत भर घालत राहायची. ती रिकामी झाली की हवा आत शिरते आणि सगळी मेहनत वाया. याला गॅरेजात 'हवा काढणं' म्हणतात, आणि हे नाव तंतोतंत आहे. हवा दाबली की आक्रसते, द्रव आक्रसत नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने मांडलं. मोटारीचं चाक थांबवायला ते वापरलं जाईपर्यंत आणखी अडीचशे वर्षं गेली.

ते काम अमेरिकेतल्या मॅल्कम लॉकहीडने केलं. मॅल्कम आणि ॲलन हे भाऊ विमानवेडे. 1913 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर त्यांनी स्वतः बांधलेलं विमान उडवलं. आडनावाचं मूळ स्पेलिंग लोक भलतंच वाचत, म्हणून उच्चाराप्रमाणे ते पुढे बदलून घेतलं. ॲलनच्या बाजूने विमानांची प्रसिद्ध कंपनी उभी राहिली. मॅल्कमने 1917 मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. 1921 मध्ये ड्यूसेनबर्गच्या आलिशान गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. म्हणजे हे लाड आधी श्रीमंतांच्याच गाड्यांचे. 1924 मध्ये क्रायस्लरने ते थोड्या आवाक्यातल्या गाडीत बसवले आणि गळणाऱ्या चामडी वाट्यांच्या जागी रबर आणलं. फोर्ड मात्र 1939 पर्यंत सळ्या आणि तारांवरच अडून राहिली.

नळ्यांत भरायचं काय, हा प्रश्न होता. पाणी गोठतं आणि गंज चढवतं. खनिज तेलाने रबर फुगतं. ग्लिसरीनही वापरून पाहिलं गेलं. शेवटी जे जमलं ते एरंडेल. ते रबराला सांभाळून घेतं, आतल्या दट्ट्यांना वंगण देतं, आणि मुख्य म्हणजे अल्कोहोलात सहज विरघळतं, जे बहुतेक तेलांना जमत नाही. नुसतं एरंडेल थंडीत दाट होतं, म्हणून त्यात अल्कोहोल घालून पातळ केलं. कित्येक वर्षं मोटारींच्या ब्रेकमध्ये हेच मिश्रण वाहत होतं. आमच्या बांधावर न लावता उगवणाऱ्या एरंडाचं तेल! आजीने चमच्यात धरलं की आम्ही तोंड वळवायचो तेच. बैलगाडीच्या साट्याखाली लटकणाऱ्या वंगणाच्या नळ्यातही तेच असायचं. आखाला लागायचं ते पुढे ब्रेकच्या नळीत शिरलं. तेव्हा 'ब्रेक ऑइल' हे नाव अक्षरशः खरं होतं. द्रव बदलला, नाव बदललं नाही, एवढंच घडलं असावं असं मला वाटतं.

एरंडेल मागे पडलं ते उष्णतेमुळे. साधं अल्कोहोल 78 अंशांना उकळतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होणार, आणि वाफ हवेसारखीच आक्रसते. पाय तळाला जातो, गाडी थांबत नाही. म्हणून ग्लायकॉल ईथर आले. आजच्या डॉट 4 जातीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पण ग्लायकॉल ओल ओढतं, रबरी नळ्यांतूनसुद्धा. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की उकळबिंदूची किमान अट 155 वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. भीमाशंकर-माळशेजच्या पावसात राहणाऱ्यांनी यात चालढकल करू नये.

नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा माल कोकणात उतरवला, तो जनावरांच्या पाठीवरून. चाकच नाही तिथे ब्रेक कसला? माळशेजला मात्र चाकं आली. मामा सांगतात, भरला टेम्पो उतरताना एकदा पेडल स्पंजासारखं झालं. त्यांनी गिअर खाली टाकत गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबवली, अर्धा तास तशीच उभी ठेवली, आणि पेडल आपोआप परत कडक झालं. वाफेचं पुन्हा पाणी झालं होतं. त्यांना तेव्हा तो देवाचा कौल वाटला होता.

जुन्या नावाचा एक धोका मात्र खरा आहे. 'ऑइल'च आहे म्हणून एका गॅरेजात एका मुलाने माझ्या पहिल्या गाडीच्या ब्रेकमध्ये इंजिन ऑइल ओतलं. आठवड्यात सगळी रबरं फुगली आणि चाकं जाम झाली. दोष त्या पोराचा नव्हता, त्याला कुणी फरक सांगितलाच नव्हता. म्हणून नाव तेच ठेवा, पण डब्यावरचा डॉट वाचायला शिकवा.

आलिशान गाड्यांत तर एरंडेल पुढेही टिकलं. 1965 च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोच्या पंपांना वंगण हवं होतं, म्हणून तिच्या खास ब्रेक फ्लुइडमध्ये थोडं एरंडेल मिसळलेलं असे. हे सांगितल्यावर मामा पाना पुसता पुसता थांबले. "म्हणजे राजाच्या गाडीतसुद्धा आपलं एरंडेल?" मग मडगार्डवर सांडलेला थेंब त्यांनी घाईने पाण्याने धुतला, कारण हल्लीचं हे ऑइल रंग खातं.

मी चिकटपट्टीवर तारीख लिहून ती बॉनेटखाली लावली. तारखेच्या आधी दोन शब्द लिहिले: ब्रेक ऑइल.