कारणांचा कागद आणि अभिवेदनाचा हक्क

खटला न चालवता, पुढे घडू शकेल अशा कृत्याला आळा घालण्यासाठी एखाद्या व्यक्तीला अटकेत ठेवणे म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता, आणि अशा स्थानबद्धाने त्या आदेशाविरुद्ध सरकारपुढे आपले म्हणणे लेखी मांडणे म्हणजे अभिवेदन. नुसती अर्ज करण्याची मुभा जुनीच आहे. बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशननुसार राजबंद्याचा अर्ज आपल्या शेऱ्यासह गव्हर्नर जनरलकडे पाठवणे त्याला ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक होते. मात्र त्या बंद्याला कशासाठी धरले हे त्याला सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते. पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येनंतर १८९७ मध्ये तेथील नातू बंधूंना मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न भरता, अटकेत ठेवण्यात आले. ज्याला आपल्यावरचा ठपकाच नीट ठाऊक नाही त्याने खंडन कशाचे करायचे, हा प्रश्न त्या काळी अनुत्तरितच राहिला.

संविधानाच्या अनुच्छेद २२(५) ने या दोन गोष्टींची सांगड घातली: स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवायची आणि अभिवेदनाची संधी लवकरात लवकर द्यायची. पुढच्याच खंडात लोकहिताला बाधक वाटतील अशी तथ्ये राखून ठेवण्याची मुभा सरकारला असल्याने कारणे मोघम ठेवण्याची वाट मात्र मोकळी राहिली होती. मुंबई राज्य विरुद्ध आत्माराम वैद्य या १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती बरीच अरुंद केली. ज्या कारणांवरून स्थानबद्धाला अभिवेदन करताच येत नाही इतकी ती संदिग्ध असतील, तर ती कळवूनही हक्क डावललाच जातो, असे त्या निकालाचे सार आहे.

याहून मूलगामी प्रश्न नागपुरातून आला. तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांनी १९६१ मध्ये काढलेला आदेश आणि त्याची कारणे इंग्रजीत होती, टंकलिखित चौदा पानांची होती आणि त्यांत तेरा वर्षांतील घडामोडींचे दाखले होते. इंग्रजी न येणाऱ्या स्थानबद्धाने हिंदी भाषांतर मागितले, तेव्हा मजकूर तोंडी समजावला असून इंग्रजी ही कामकाजाची भाषा आहे, असे सांगून ते नाकारण्यात आले. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालात न्यायालयाने हे कळवणे अपुरे ठरवून त्याची सुटका केली, कारण त्याला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत मजकूर हाती नसेल, तर एवढ्या गुंतागुंतीच्या कागदाला उत्तर देणे त्याला शक्यच नव्हते. आत्माराम वैद्य निकालाइतका हा निकाल चर्चिला जात नाही, पण कोठडीत बसून अर्ज लिहिणाऱ्या माणसाचा विचार त्यात अधिक जवळून झालेला आहे.

अभिवेदन वाचायचे कोणी, हा वाद १९६९ मध्ये अब्दुल करीम खटल्यात मिटला: सल्लागार मंडळ, म्हणजे स्थानबद्धतेची कारणे पुरेशी आहेत की नाहीत हे तपासणारे मंडळ, असले तरी सरकारने स्वतः त्याचा विचार केलाच पाहिजे.

आणीबाणीत मात्र ही सांगड पुन्हा तुटली. १९७५ मध्ये अध्यादेशाने ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात घातलेल्या कलम १६-अ मुळे, आणीबाणीसाठी आवश्यक म्हणून जाहीर केलेल्या स्थानबद्धतेत कारणे कळवण्याचे बंधन उरले नाही, आणि अनुच्छेद २२ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गही राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाला. पुढे महाराष्ट्र राज्याच्या १९८१ च्या ‘एमपीडीए’ या धोकादायक कारवायांविरोधी स्थानबद्धता कायद्यात मात्र कारणे पाच दिवसांच्या आत कळवण्याची अट आहे.