पेटीचे स्वतंत्र वादन

पुण्यातील जुन्या संगीतसंस्थांच्या नावांवर गायनाचीच मुद्रा आढळते. १८७४ सालचा ‘पूना गायन समाज’ आणि भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापिलेला ‘भारत गायन समाज’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा गायनप्रधान वातावरणात हार्मोनियमसारख्या परकीय वाद्याने मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवावे, ही घटना लक्षणीय मानली पाहिजे. मराठीने या वाद्यास ‘पेटी’ म्हणून घरचे केले खरे. पण त्या घरगुती नावात किंचित अवहेलनाही आहे.

भास्करबुवांना गुरुस्थानी मानणाऱ्या गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी गायकीच पेटीवर उतरविली आणि साथीच्या वाद्यास एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पेटीवरील आक्षेप निराधार नव्हता. तिचे स्वर पट्टीगणिक ठरलेले; एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तीत निघत नाही. ही उणीव वादकाने भात्याच्या दाबाने व बोटांच्या चपळाईने झाकावयाची असते, आणि टेंब्यांच्या कर्तृत्वाचे मर्म येथेच शोधावे लागते. तथापि १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. साथीपुरती ती पुढे उठली. परंतु तोवर टेंबे हयात नव्हते.