पथदीपांचा फोटोसेल आणि सांजवेळेचा हिशेब : पडेगावच्या संदर्भात

सार्वजनिक दिवाबत्तीचा इतिहास बहुधा तेल, वायू आणि वीज अशा दिव्यांच्या क्रमाने सांगितला जातो. दिवा केव्हा लावायचा हे कोण ठरवीत होते, या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेतला असून, त्यासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पश्चिमेस, छावणीपलीकडे वसलेल्या पडेगावचा संदर्भ घेतला आहे. १९८२ साली औरंगाबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. पडेगाव आज तिच्या हद्दीत मोडते.

मुंबईत १८४३ साली रस्त्यांवर तेलाचे दिवे लागले, १८६५ साली वायूचे दिवे आले आणि १८८२ साली क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. या काळात अंधार पडला की नाही, याचा निवाडा मुख्यतः माणसाच्या डोळ्याने होत असे. शिडी खांद्यावर घेऊन खांबामागून खांब गाठणारा दिवेवाला पहिला दिवा उजेडातच लावी आणि शेवटच्या दिव्यापर्यंत पोहोचेतो रात्र झालेली असे. युरोप-अमेरिकेतील अनेक नगरांनी चांदण्या रात्री दिवे न लावण्याची वेळापत्रकेही केली होती. आकाशात ढग असले तरी पंचांगातील चंद्राच्या भरवशावर रस्ते अंधारात राहत, ही त्या काटकसरीची दुसरी बाजू.

पुढे हा अधिकार घड्याळाकडे गेला. परंतु घड्याळ आणि सूर्य यांचे जमत नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नाही. प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे. पडेगाव सुमारे ७५.३ रेखांशावर असल्यामुळे तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटे मागे पडते. शिवाय नोव्हेंबरअखेर तेथे पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास मावळतो. एकाच ठरावीक वेळेला लावलेले टायमर वर्षातील बराच काळ चुकणारच. ऋतुमानाप्रमाणे वेळ आपोआप सरकविणाऱ्या तबकडीची घड्याळे इंग्लंडमध्ये वायूच्या दिव्यांसाठीच तयार झाली होती. परंतु विजेवर चालणारे साधे टायमर वीज गेली की थांबते, आणि वीज आल्यावर तेवढेच मागे राहते. भारनियमनाची वर्षे अनुभवलेल्या मराठवाड्याला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

फोटोसेलचे मूळ १८७३ सालचे. समुद्राखालील तारेच्या चाचण्यांत वापरलेल्या सेलेनियमचा विद्युत्रोध प्रकाशात घटतो, असे विलोबी स्मिथ यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. पुढे पथदिव्यांत कॅडमियम सल्फाइडचे घट रूढ झाले. त्यांची जुनी रचना मोठी साधी होती. दिवसा घटातून वाहणारा प्रवाह एका लहान तापकाला तापवी, त्यामुळे दोन धातूंची पट्टी वाकून दिव्याचे मंडल तुटे. सांजवेळी रोध वाढून पट्टी थंड होई आणि दिवा लागे. पट्टी तापावयास वेळ लागत असल्याने विजेच्या लखलखाटाने दिवा विझत नसे. घट निकामी झाला तर दिवा अखंड जळत राही. रस्ता अंधारात ठेवण्यापेक्षा वीज वाया गेलेली बरी, हा निर्णय यंत्रातच घालून ठेवलेला होता.

आता संवेदनशीलतेकडे वळू. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. ब्रिटनमध्ये सायंकाळी ७० लक्सला दिवा लागावा व सकाळी ३५ लक्सला विझावा, ही जोडी दीर्घकाळ प्रचलित होती. भारतीय मानक १९४४ मात्र दुय्यम रस्त्यांसाठी सरासरी ४ ते ८ लक्स पुरेसे मानते. आकाशातून ७० लक्स मिळत असताना ८ लक्सचा दिवा लावण्यात हशील काय? उत्तर सोडियम दिव्यात आहे. उच्च दाबाच्या सोडियम दिव्यास पूर्ण तेज येण्यास चार-पाच मिनिटे लागतात, म्हणून तो आधीच पेटवावा लागे. सकाळी तो पूर्ण तेजात असल्याने लवकर विझविता येई. एलईडी दिवा तत्क्षणी लागतो. ५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर एलईडी पसरले. त्यांच्यापुरते जुन्या आकड्याचे कारण संपले.

तथापि आकडा ७० वरून ३५ वर आणल्याने पडेगावात किती वाचेल? जून महिन्यात लंडनचा नागरी संधिप्रकाश पाऊण तासाहून अधिक टिकतो, पडेगावचा सुमारे २५ मिनिटे. निरभ्र आकाशात ७० लक्सचे ३५ होण्यास येथे तीन-चार मिनिटेच लागतात. वर्षाकाठी हा लाभ दर दिव्यामागे १८ ते २४ तासांचा, म्हणजे एकूण जळण्याच्या सुमारे ४,२०० तासांपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. निकामी घटामुळे एखादा दिवा दोन दिवस भर उन्हात जळला, तर त्याची वर्षाची ही बचत संपते. म्हणून संवेदनशीलता बारकाईने ठरविण्याआधी दिवसा जळणारे दिवे शोधणे अधिक फलदायी, असे म्हणावे लागते.

धुळीचा प्रश्नही याच जातीचा आहे. काचेवर धूळ बसली की घटाला खरोखरीपेक्षा अंधार जास्त वाटतो. दिवा संध्याकाळी लवकर लागतो व सकाळी उशिरा विझतो. दिवा उशिरा लागावा म्हणून घटावर काळी टेप चिकटविणारा उलटाच परिणाम घडवितो, कारण झाकलेला घट आधी अंधारतो. सरकती पट्टी असलेल्या घटात ती उघडल्यानेच दिवा उशिरा लागतो. कोरड्या फडक्याने काच पुसणे हे त्याहून स्वस्त काम. पण त्यासाठी शिडी व माणूस लागतो, आणि दिवेवाल्याचे ते पद तर यंत्राने केव्हाच काढून घेतले.

अलीकडच्या मध्यवर्ती नियंत्रण पेट्यांत स्थानाचे अक्षांश-रेखांश भरले की सूर्यास्ताची वेळ रोज गणिताने काढली जाते. अशा रीतीने अधिकार पुन्हा घड्याळाकडे आला आहे. या घड्याळाला पडेगावचे २९ मिनिटांचे अंतर कळते, परंतु जुलैमधील ढगाळ सायंकाळ कळत नाही. पेटीला फोटोसेलची जोड दिल्यास ती कळेल. मात्र तो एकच घट साऱ्या गल्लीसाठी निर्णय घेतो, आणि पेटी कडुलिंबाच्या सावलीत बसविली असेल तर मोकळ्या मैदानाकडचे दिवेही त्या झाडाच्याच अंधारावर लागतात.